हा मासा खातो काय

समुद्रात गेलेला माणूस नेमका कधी मेला असं धरायचं, मॅडम? — नाही नाही, तुम्ही करा तुमचं मोजमाप, मी बॅटरी नीट धरलीय, हलणार नाही — सहज विचारतोय. सगळ्यांना विचारून झालंय माझं. बोटीच्या कप्तानाला विचारलं, तो म्हणाला, चहा घे. बंदराच्या ऑफिसात विचारलं, तिथला माणूस म्हणाला, साहेब जेवायला गेलेत — आणि साहेब तोच होता, मला मागाहून कळलं. पोलिसानं तर उलट मलाच विचारलं, शिकलास किती. म्हणजे दादानं पाण्यात उडी घेतली तेव्हा मेला म्हणायचं, का त्याचा दम संपला तेव्हा, का वरच्या लोकांनी दोरी ओढली आणि ती नुसतीच हातात आली तेव्हा? एक काहीतरी असेल ना. आईला विचाराल तर तो अजून मेलेलाच नाही. — असू दे. तुम्ही माशांच्या डॉक्टर, तुम्हाला माणसांचं का म्हणून विचारायचं.

दाराला आतून कडी मीच लावली, हो. तुमची माणसं क्रेन घेऊन आली की उघडतो. तुमच्यासाठी नाही लावली, घाबरू नका. बाहेर आई बसलीय. क्रेट उपडं घालून त्यावर बसलीय, आणि तिच्याजवळ हिटर उभा आहे — हिटर म्हणजे आमच्या बर्फखान्याचा रखवालदार, बारा महिने स्वेटर घालतो म्हणून हिटर. त्याला मी सांगितलंय, तिला बोलण्यात गुंतव. पण त्याला बोलता कुठं येतं, तो नुसता "हो ना मावशी, हो ना मावशी" करतो. आईनं सकाळी सगळ्यांदेखत सांगितलं तुम्हाला, ऐकलंत ना, माशाचं पोट माझ्यासमोर फाडा म्हणून. तुम्ही बरं केलंत, आत गारठा आहे म्हणालात, थोडं थांबा म्हणालात. पण तिला आता गारठ्याचं काय. ती कधीही उठून येईल. आणि मला — हसू नका — मला इथं आत भीती वाटते आणि बाहेर तिच्यासमोर त्याहून जास्त वाटते, म्हणून मी इथं आहे. बॅटरी धरायला बरा माणूस मिळाला तुम्हाला.

बर्फाची भीती नाही हो. बर्फ फोडणं तर माझं काम, शाळा सुटली — सुटली म्हणजे मीच सोडली — तेव्हापासून इथंच आहे, डोळे मिटून या खोलीत फिरेन. भीती त्या तोंडाची आहे. ते मिटत का नाही? परवापासून उघडं ते उघडंच. काल मी त्यावर गोणपाट टाकलं, आज सकाळी बघतो तर गोणपाट खाली. हिटर म्हणतो, ओलं होऊन घसरलं असेल. असेल. पण हे तो दाराबाहेर उभा राहून सांगत होता, आत पाऊल टाकायची त्याची तयारी नव्हती, आणि स्वेटर अंगात असून दातावर दात वाजत होते.

तुम्हाला कोणी धड सांगितलंय का हा सापडला कसा? कप्तानानं सांगितलं असेल, जाळं टाकलं, जड लागलं, ओढलं, झालं. त्याची गोष्ट नेहमी एवढीच असते. माझ्याकडून ऐका, मी होतो तिथं. पण त्याआधी दादाचं सांगावं लागेल, नाहीतर मी तिथं काय करत होतो ते तुम्हाला कळायचं नाही. मागच्या महिन्यात त्याच बोटीवर, त्याच भागात, जाळं बोटीच्या खालच्या पंख्यात गुंतलं. होतं असं अधूनमधून. मग एकानं कमरेला दोरी बांधायची, तोंडात सुरी धरायची, खाली जाऊन जाळं कापायचं आणि वर यायचं. हे काम नेहमी दादाचं. पोहायला सगळ्यांत चांगला तोच, मग काय, ज्याला येतं त्याच्याच गळ्यात पडतं सगळं. अधेमधे श्वास घ्यायला वर येत होता म्हणे. शेवटचा आला तेव्हा म्हणाला, झालंच आता, चहा ठेवा. आणि मग आलाच नाही. दोरी ओढली तर गाठ तशीच. गाठ तशीच, मॅडम, आणि आत माणूस नाही. सगळे म्हणाले, दोरी जाळ्यात अडकली असेल, त्यानंच अंगातून खाली सरकवून काढली असेल. असेल. मी नंतर घरी स्वतःच्या कमरेला दोरी बांधून बघितलं, निघते, पोट आत घेतलं की निघते. पण एकदा डोक्यात आलं ना, की कोणीतरी खालून ओढला, की ते जात नाही. पोट आत घेऊन काही होत नाही त्याला.

तर दादाची जागा रिकामी झाली आणि कप्तानाला माणूस हवा होता. मी म्हणालो, मी येतो. मला पोहता येत नाही, जाळं ओढता येत नाही, मी आयुष्यात कधी बोटीवर चढलो नव्हतो, आई चढू देत नव्हती — एक पोरगा पाण्यावर पुरे, म्हणायची, दुसरा मला कोरडा राहू दे. तिला थाप मारली, बर्फखान्यात जादा काम आहे. कप्तान माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, चल. का चल म्हणाला माहीत नाही. मला फक्त ती जागा बघायची होती हो. जागा म्हणजे काय, पाणीच, सगळीकडं सारखं, पण आपल्याला वाटतं ना की बघितल्यावर काहीतरी कळेल. काही कळलं नाही. मी पूर्ण वाटभर ओकत होतो, स्वयंपाक्यानं मला बादलीच देऊन टाकली, म्हणाला, ही तुझी, लग्नात घेऊन जा.

आणि पहाटे जाळं ओढायला घेतलं तर येईना. मशीन रडायला लागली. असला आवाज मी ऐकला नव्हता. कप्तान म्हणाला, ओंडका असेल. दुसरा कोणी म्हणाला, बुडालेल्या होडीचं काही असेल. मला वाटलं, दादा आहे. हसायचं असेल तर हसा, मला खरंच वाटलं, एवढा जड झाला असेल इतक्या दिवसांत पाणी पिऊन पिऊन. मी कठड्याला धरून वाकलो, आणि खालून आधी तोंडच आलं. धड नाही, शेपूट नाही, नुसतं तोंड, मला उभ्याला आत घेईल एवढं, आणि आतून पांढुरकं, चकचकीत, पातेल्याच्या आतल्या बाजूसारखं. आणि ओठ. माशाला ओठ असतात का हो? आम्ही शार्क रोज बघतो, लहान मोठी, धक्क्यावर ढीग पडलेला असतो, तिचं तोंड खाली असतं, कोयत्यानं चीर दिल्यासारखं. याचं पुढं, माणसासारखं. जाड जाड ओठ, आणि बोलायला उघडावं तसं उघडलं. मी हात सोडले आणि मागं पडलो, डोकं आपटलं, ही बघा खोक. उठलो तर हा डेकवर पसरलेला, सगळं अंग लिबलिबीत, काळपट, जोर म्हणून नाही, शेपटी एकदा उचलली आणि ठेवली. बस. एवढं मोठं जनावर आणि झटापट नाही काही नाही, दमल्यासारखा पडून राहिला. आणि तेव्हा स्वयंपाकी बोलला. वाईट मनाचा माणूस नाही तो, मला बादली दिलेला माणूस. पण हळूच बोलला, शेजाऱ्याला, मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, आणि मला ऐकू आलं. "हाच असणार."

संपलं. बोट धक्क्याला लागायच्या आधी ते वाक्य धक्क्याला लागलं होतं. कसं पोचतं देव जाणे. आई तिथं उभी. ती कोळंबी सोलायच्या शेडमध्ये असते, हाताला तशीच साल लागलेली, तशीच धावत आलेली. मी बोटीवरून उतरतोय, मी बोटीवर गेलो होतो हे तिला तेव्हाच कळतंय, मला वाटलं आता कानाखाली बसणार. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती नुसती याच्या तोंडाकडं बघत राहिली. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

— हां, सकाळी तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं, मागं उभा होतो. नाव पण लक्षात आहे, मेगामाउथ. मोठ्या तोंडाचा, एवढाच अर्थ ना? म्हणजे ज्यानं नाव ठेवलं तोपण आमच्यासारखाच घाबरला असणार, दुसरं काही बघितलंच नाही त्यानं. कप्तान म्हणाला होता देवमासा, हिटर म्हणाला व्हेल शार्क, त्यानं टीव्हीवर बघितलाय, तुम्ही म्हणालात दोन्ही नाही, देवमासा तर मासाच नाही, आणि व्हेल शार्कच्या पाठीवर ठिपके असतात, हा एकरंगी, आणि वरच्या ओठाखाली हा पांढरा पट्टा, तो याचाच. चांगलं समजावलंत. दिवसा खोल काळोखात असतो, अंधार पडला की कोळंबीसारखे बारीक जीव वर येतात, त्यांच्यामागून हा वर येतो, तोंड उघडायचं, पाणी भरायचं, कल्ल्यांतून गाळायचं, मागं राहील ते गिळायचं. चाळणी. एवढा मोठा देह आणि चाळणी घेऊन फिरतो. लोकांनी माना डोलावल्या. आईनं नाही डोलावली. आणि मी तुम्हाला विचारणार होतो पण गर्दीत धीर झाला नाही, आता विचारतो — तुम्ही म्हणालात जगात हे फार थोडे सापडलेत. बरोबर? मग त्यांतल्या किती जणांची पोटं उघडून बघितलीत तुम्ही लोकांनी? त्याहून थोडी. मग? चार घरं बघून गाव काय जेवतं ते सांगायचं? एखादा वेगळा निघाला तर? एखाद्यानं चुकून, एकदाच, आयतं समोर आलं म्हणून —

नाही, बोला ना. "आतापर्यंत तसं दिसलेलं नाही." हेच सकाळी पण म्हणालात. नाहीच, असं का नाही म्हणत? खोटं बोलत नाही तुम्ही, ते कळलं मला. पण तुमचं ते खरं बोलणंच मला जास्त घाबरवतंय.

आता? आताच फाडणार? थांबा. क्रेन येऊ दे ना. तुमची माणसं येऊ देत. — बरं. बरं. खराब होईल, कळलं. मी इकडं तोंड करतो, भिंतीकडं, बॅटरी मागं अशी धरतो, दिसतंय ना तुम्हाला? थोडी वर? अशी? मी बघणार नाही, पण बोलत राहतो, चालेल ना, मी बोलायचा थांबलो की मला आवाज ऐकू येतो. आला. कातडी फाटल्याचा ना हा? ओल्या गोणीसारखा. दादा म्हणायचा, बारक्या, तू भीतीनं एवढा बोलतोस की भीतीच कंटाळून निघून जाते. मला बारक्या म्हणतात, सांगायचं राहिलं. लहानपणी मला विहिरीची भीती होती, तर तो मला काठावर बसवायचा आणि पाठीमागून शर्टाला धरायचा, म्हणायचा, बघ आत, मी धरलंय. धरलेलं असायचं त्यानं, खरंच, कधी मस्करीतही सोडलं नाही — काय पडलं? मॅडम, काय पडलं? एवढं मोठं काय आहे त्यात? पांढरं दिसलं मला, कोपऱ्यातून दिसलं, पांढरं — काळीज? नाही? यकृत? एवढं? सगळं पोट भरून यकृतच? बरं. तेल असतं त्यात. तेलावर तरंगतो. बरं. बरं बरं. थांबा जरा. मला वाटलं — नाही, काही नाही वाटलं. पांढरं दिसलं आणि वाटलं. आता जठर? मग कापा एकदाचं, विचारताय काय मला, मी काय म्हणू. कापा. आणि काय निघतंय ते बोलू नका.

बोला.

बोला ना, मॅडम.

लाल? लाल म्हणजे? — मी वळतो. वळलो. हे? एवढंच? हे काय आहे, लापशी? हात घालू? गार आहे. ही बारीक बारीक — हे डोळे आहेत ना, काळे टिपके? कोळंबीच. आई सोलते त्याच्या नखाएवढीसुद्धा नाही. आणि यात दुसरं काही — कापड, केस — नाही. पुढं आतडं? ते पण उघडा. उघडा हो, आता उघडाच. हे आत गोल जिन्यासारखं काय आहे? फिरत फिरत जातं? मग त्यातून मोठं काही जाणारच कसं, दगडाचा खडा अडकेल. म्हणजे नाही खाल्लं. नाही खाल्लं यानं. या — काय म्हणालात? मादी? अजून वयात न आलेली? म्हणजे पोरगीच आहे की ही. आमच्या कप्तानानं सगळ्या बोटींना सांगून ठेवलंय, असलं पुन्हा दिसलं की जाळ्यातच लोखंडी आकडी घाला, जिवंत सोडायचं नाही. पोरगी आहे ही, आणि लापशी खाते. मला हसू येतंय. हे हसूच आहे, मॅडम. थोडा वेळ येऊ दे.

झालं ना मग तुमचं? पोट बघायचं होतं, बघितलं. आता मी दार उघडतो, तुम्ही बाहेर जाऊन चहा — डोक्याकडं कशाला? कल्ले उद्या बघा ना. नाही, चाळणी कशी असते ते तुम्ही सांगितलंत, मला पटलंय, मला नाही बघायची. तुम्हाला बघायचीय, कळतंय, पण तिकडं नको. मॅडम, तिकडं नको म्हटलं ना. बॅटरी नाही देणार मी.

सॉरी. हात धरायला नको होता तुमचा. सॉरी.

आत एक कडं आहे. स्टीलचं. घशाच्या तोंडाशी, उजव्या बाजूला, त्या फण्यांसारखं जे आहे त्यात अडकलंय. मला माहीत आहे, कारण मीच घातलंय. काल. दादाचं आहे. पाण्यात उतरायच्या आधी तो ते काढून ठेवायचा, जाळ्यात अडकू नये म्हणून, सुकाणूशेजारच्या खिळ्याला अडकवायचा. त्या दिवशी पण ठेवलं होतं. कप्तानानं ते माझ्या हातात दिलं, आईच्या हातात द्यायची त्याची छाती झाली नाही, आणि माझी पण नाही झाली. कशी होणार? आई त्याच कड्यावर जगतेय. किनाऱ्यावर कुठं काही वाहून आलं असं ऐकलं की ती निघते, मिळेल त्या गाडीनं, आणि तिथल्या लोकांना सांगते, हातात कडं असेल, हातात कडं असलं तर तो माझा. दवाखान्यातून फिरते, तिथं कुठं बेशुद्ध असेल, नाव सांगता येत नसेल, पण कडं असेल. तिला कसं सांगू की कडं माझ्या पेटीत कपड्यांखाली आहे? मग ती काय शोधणार? काहीच नाही उरणार शोधायला. आणि शोधणं थांबवलं तर ती — मला नाही माहीत ती काय करील. मला त्याची पण भीती वाटते.

आणि परवा हा आला. ही आली. सगळे म्हणाले, हाच असणार. मला वाटलं, मग असू दे हाच. आत कडं सापडलं की संपलं, आई रडेल, पण मग बसेल, जेवेल, त्या गाड्या, ते दवाखाने, सगळं सुटेल. काल हिटरला चहाला पाठवलं आणि मी यात हात घातला. तुम्हाला माहीत नाही ते काय होतं. मला वाटत होतं आत करवतीसारखे दात असणार, मी हाताला टॉवेल गुंडाळला होता. पार कोपरापर्यंत गेला हात आणि पुढं वाटच नाही. मी ढकलतोय, ढकलतोय, घसा एवढासा. तेव्हाच कळायला हवं होतं ना? ज्याच्या घशातून माझा दंड जात नाही त्याच्यातून दादा कसा जाईल? नाही कळलं. मी फक्त घाबरलो आणि कडं तिथंच सोडून पळालो.

तर तुम्ही एवढंच करा. बाहेर जाऊन म्हणा, पोटात सापडलं. तुमच्या पुस्तकात खरं तेच लिहा, लाल लापशी लिहा, तिथं कोण बघायला येतंय. फक्त आईला सांगा. एक वाक्य. तुम्ही शिकलेल्या, तुमच्यावर विश्वास ठेवील ती. — नका हो अशा बघू. मला माहीत आहे आकडीचं. असली आणखी एखादी वर आली तर लोक ठेचतील. पण ती मासा आहे, आणि ही माझी आई आहे. तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही काल तिला बघितलं नाहीत. काल सकाळी शेडमध्ये तिनं कोळंबी हातात घेतली आणि तशीच बसली. सोलेना. बाजूच्या बायका हाका मारतायत. मी गेलो तर ती स्वतःच्या दंडावर दाबून बघत होती, नखानं, असं, इथं, मग इथं. मला म्हणाली, "दात किती मोठे असतात रे याचे? दुखलं असेल का त्याला?"

महिनाभर तिनं हे कधी विचारलं नव्हतं. महिनाभर नुसतं कुठं असेल, कुठं असेल. ही आली त्या दिवसापासून हेच. दुखलं असेल का.

आणि मी काय करतोय? थांबा, मॅडम, मला एक मिनिट — मी तिला काय देतोय मग? कडं दिलं पोटातून काढून, तर ती बसेल, बरोबर, गाड्या थांबतील. बसेल आणि जन्मभर दंड दाबत बसेल. मी तिला दात देतोय. असले नसले सगळे दात मी तिच्या हातात देतोय, आणि म्हणतोय, आई, जेव आता. अरे देवा. 

चिमटा द्या तुमचा, तो लांबडा. नाही, मी काढतो, जागा मला माहीत आहे. बॅटरी तुम्ही धरा आता. आत बघून काढतो, काल डोळे मिटून घातलं होतं. हे केवढं मऊ आहे आतून. आणि हे दात? हे? हे मी काल चाचपलेच नाहीत, टॉवेल होता. ओळीवर ओळी, पण फणीच्या टोकाएवढे. सापडलं. आलं. निघालं बघा, काही तुटलं नाही तिचं. — नाही, तुम्ही नका ठेवू. पिशवीत नको, पेटीत नको. माझ्या हातात घालतो, तिला दिसेल असं. सैल होतंय, दादाचं मनगट जाड. ती विचारेल, मी सांगेन, कुठं होतं, कधीपासून माझ्याकडं होतं. मग ती काय करील? माहीत नाही. भीती वाटतेय? तर. पण सांगेन.

पोट झाका तेवढं. ती ताडपत्री घ्या, हां, तिला पोट नको दिसायला, नुसतं तोंड राहू दे. बॅटरी त्या क्रेटवर ठेवा, उजेड तोंडात पडेल अशी. मी कडी काढतो, आईला आत पाठवा आणि तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा, मॅडम. हिटरला म्हणावं, दार लोटून घे, कोणाला आत सोडू नको. नाही, तुम्ही सांगून नाही व्हायचं. सकाळी सांगितलंत की तुम्ही. जा.

आई, ये. इकडून ये, तिथं निसरडं आहे. माझ्या हाताकडं नंतर बघ, सगळं सांगतो, मार मला हवं तर. आधी इथं ये. नाही चावत. माझाही हात आत आहे, बघ. दे तुझा. टॉवेल नको, उघडा दे. हे ओठ. आता आत. हे दात आहेत, आई, हेच, एवढेच. तुझा दंड टेकव त्यावर. मी मागून धरलंय तुला. दाब. अजून दाब.

लागलं?